करकरणारी बिजागरी

किल्ल्याच्या दाराची गोष्ट गाईडनं स्वतः रचली होती, आणि हे त्याच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी तो धंद्यात नवा होता. राजवाड्यात गाईडचं काम सोपं असतं. तिथे आरसेमहाल असतो, चांदीचा पलंग असतो, राणीची न्हाणी असते, लोक आपणहून 'अरे वा' म्हणतात. किल्ल्यावर मात्र एकशे बारा पायऱ्या चढून दमलेल्या माणसाला दगडाखेरीज काही दाखवता येत नाही. वेढा पडला, टाक्यातलं पाणी आटलं, किल्ला शरण गेला, एवढाच काय तो इतिहास. एका दुपारी समोरची मंडळी जांभया द्यायला लागली, तेव्हा त्याला राहवलं नाही. दाराशेजारच्या शिळेवर दारवानांची नावं ओळीनं कोरलेली होती. त्यातल्या शेवटच्या नावावर बोट ठेवून तो म्हणाला, "ह्यानंच शत्रूला आतून दार उघडून दिलं." जांभया बंद झाल्या.

मग काय, गोष्टीला पाय फुटले. बाकीच्या गाईडांनी ती उचलली, ज्याला जमेल तसं तिखटमीठ लावलं. आठ वर्षांपूर्वी पाटी लावायला एक सरकारी कारकून आला. त्यानं विचारलं, "ह्याला आधार काय?" गाईड म्हणाला, "लोक सांगतात की!" आणि एव्हाना लोक खरंच सांगत होते. दाराशी त्या गोष्टीची पाटी लागली. तेव्हापासून तिथे उभं राहताना तो पाटीकडे तोंड करायचं टाळायचा. मनाला कुठेतरी टोचायचं, पण खाली उतरेपर्यंत विसरायला व्हायचं.

त्या दिवशीची सहल खाजगी होती. एक गाडी, एक ड्रायव्हर, एक गाईड आणि दोनच माणसं. चौऱ्याऐंशीचे वडील आणि पन्नाशी उलटलेली त्यांची मुलगी. हॉटेलच्या दाराशीच गाईडनं सवयीनं आपली अभिप्रायांची वही पुढे केली. नव्या गिऱ्हाइकाला आधी ही वही दाखवायची, मग गाडीत बसवायचं, ही त्याची पद्धत. वहीत ठिकठिकाणच्या लोकांनी त्याच्या वाणीचे गोडवे गायले होते. सोबतचे गाईड त्याला 'पल्लेदार' म्हणायचे ते उगीच नाही. मुलीनं वही वरवर चाळली. म्हाताऱ्यांनी तेवढंही केलं नाही. कडक इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून ते बसले आणि म्हणाले, "किल्ल्याचं दार किती वाजता?"

"आधी राजवाडा, काका. जेवण. मग किल्ला."

"बरं," म्हातारे म्हणाले. दाढ काढायला आलेला माणूस नंबर लागेपर्यंत जसा बसून राहतो, तसे ते राजवाड्याभर गप्प राहिले. आरसेमहालात त्यांनी एकाही आरशात पाहिलं नाही. चांदीच्या पलंगाकडे पाठ फिरवून ते शेजारच्या दारापाशी गेले, बिजागरीवरून बोट फिरवलं आणि ते बोट चोळून पाहिलं.

"तेलपाणी चांगलं आहे इथलं," ते मुलीला म्हणाले.

"बाबांची आयुष्यभराची नोकरी कारखान्यात झाली ना," मुलगी हसून गाईडला म्हणाली. "यंत्रांचं तेलपाणी त्यांच्याकडे होतं."

गाईडही हसला. पण ते बोट चोळणं त्यानं आधी कुठेतरी पाहिलं होतं, आणि कुठे ते काही केल्या आठवेना. जेवताना त्याचं लक्ष त्या कापडी पिशवीकडेच जात राहिलं.

किल्ल्याच्या पायऱ्या म्हातारे दहा-दहा करून चढत होते. अर्ध्यावर ते कठड्याला टेकून बसले, तेव्हा मुलगी गाईडला चार पायऱ्या खाली घेऊन आली.

"तुम्हाला एक सांगून ठेवते. वर दारवानाची गोष्ट सांगताना जरा बेतानं सांगा. फार रंगवू नका."

"का हो, ताई?"

"शिळेवर शेवटचं नाव आहे ना, ते आमच्या घराण्यातलं. खालच्या वस्तीत आम्हाला अजून दारवानच म्हणतात." तिनं वडिलांकडे एक नजर टाकली. "आमचे पणजोबा सांगायचे, दारवानानं शेवटपर्यंत दार सोडलं नाही. बाबांना केवढा अभिमान होता त्याचा! नोकरी संपल्यावर दर रविवारी बुधली घेऊन वर यायचे आणि छोट्या दाराच्या बिजागरीला तेल घालायचे. कुणी सांगितलं नव्हतं. आपलं दार आहे म्हणून. मग एका रविवारी त्यांच्या देखत एका गाईडनं लोकांना सांगितलं की ह्यानंच दगा दिला. बाबांनी त्याला विचारलं, हे कुठे लिहिलंय? तो म्हणाला, कागदपत्रांत आहे."

गाईडला ते बोट आठवलं. बुधली आठवली. निळ्या डगल्यातला, मान खाली घालून काम करणारा एक माणूस आठवला. त्या माणसानं फार अदबीनं प्रश्न विचारला होता, आणि समोर वीस माणसं उभी असताना आपलं हसं होऊ नये म्हणून त्यानं ठोकून दिलं होतं, 'कागदपत्रांत आहे, काका.'

"बाबा घरी आले ते जेवलेच नाहीत," मुलगी सांगत होती. "नंतर वस्तीतही पसरलं. माझ्या भाच्याला शाळेत मुलं 'दार उघड, दार उघड' म्हणून चिडवायची. भाऊ बायकापोरांना घेऊन दूर निघून गेला. शेवटी आई-बाबांनीही घर विकलं आणि माझ्याकडे आले. आई शेवटपर्यंत त्या घरासाठी झुरली. आता बाबांनी धरलंय, मरायच्या आधी एकदा जाऊन त्या दाराची माफी मागायची. मी पुष्कळ समजावलं. ऐकत नाहीत."

"माफी?" गाईडनं विचारलं.

"घराण्यातर्फे," ती म्हणाली आणि वडिलांना उठवायला वर गेली.

उरलेल्या पायऱ्या गाईड कसाबसा चढला. गप्प बसावं, संध्याकाळी दोघांना हॉटेलवर सोडावं, उद्या दुसरं गिऱ्हाईक. पहिल्या वीसेक पायऱ्या हाच विचार होता. पुढे त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की म्हाताऱ्यांना हात देण्याचाही धीर होईना. ज्या हाताची सगळे स्तुती करायचे, नावावर बोट कसं ऐटीत ठेवतो म्हणून, तोच हात.

दाराशी म्हाताऱ्यांनी टोपी काढली. मोठं दार बंदच असायचं, ये-जा त्याच्या पोटातल्या छोट्या दारातून. ते ढकललं की बिजागरी किंचाळायची. गेली वीस वर्षं गाईड त्या आवाजाचाही उपयोग करत होता. 'ऐका! दगाबाजाचा आत्मा अजून ओरडतो आहे!' इथे बायका दचकायच्या, पुरुष हसायचे. आवाज कधीपासून सुरू झाला, का सुरू झाला, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

म्हाताऱ्यांनी दार ढकललं. ते करकरलं. त्यांनी डोळे मिटले.

"सांगा," ते म्हणाले. "सगळं सांगा. काही वगळू नका."

"काका, टाक्यातलं पाणी आटलं होतं. किल्ला त्यामुळे शरण गेला. एवढंच झालं."

"आणि दारवान?"

"दारवानानं काही केलं नाही."

म्हाताऱ्यांनी मुलीकडे पाहिलं. "तू काहीतरी सांगितलंस ह्यांना."

"ताईंचा काही संबंध नाही," गाईड म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या जागी त्याची जीभ अडखळत होती. "काका, ती गोष्ट मी रचलीये. लोक कंटाळले होते, म्हणून रचली. शिळेवरचं शेवटचं नाव तेवढं बोटाच्या उंचीवर होतं, म्हणून ते घेतलं. कागदपत्रांत काही नाही. कुठलीही कागदपत्रं मी कधी पाहिलेली नाहीत. तुम्हाला 'कागदपत्रांत आहे' म्हणणारा गाईड मीच. तुमच्या आजोबांनी सांगितलं तेच खरं असणार. माझं चुकलं, काका. फार चुकलं."

म्हाताऱ्यांनी आपला सुरकुतलेला हात त्याच्या हातावर ठेवला.

"तो गाईड सडपातळ होता," ते मायेनं म्हणाले. "डोक्यावर दाट केस होते. आणि काय खणखणीत बोलला होता! एकदाही अडखळला नाही. तुम्ही पाहा, घामानं भिजलायत. ह्या म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून कुणा दुसऱ्याचं पाप अंगावर घेताय. असू द्या. खोटं बोलणं तुम्हाला जमत नाही."

"काका, आईशपथ..."

"शपथ नका घेऊ. पाटीवर लिहिलंय. सगळे सांगतात. एवढी माणसं खोटं बोलतील का?"

गाईडनं मुलीकडे पाहिलं. ती आता त्याच्या चकाकत्या टकलाकडे, सुटलेल्या पोटाकडे आणि परत चेहऱ्याकडे पाहत होती. तिची बदललेली नजर पाहून त्याला कळलं, हिला पटलंय. हिला अक्षर न् अक्षर पटलंय.

म्हाताऱ्यांनी उंबऱ्याशी वाकून हात जोडले. ते काय पुटपुटले ते ऐकू आलं नाही, फक्त 'आमच्या माणसाकडून' एवढंच कळलं. मग पिशवीतून त्यांनी लांब नळीची बुधली काढली, तीन बिजागऱ्यांना बेतानं तेल घातलं, दार दोनदा पुढेमागे केलं आणि बोटावर आलेला काळा मळ चोळून पाहिला. बावीस वर्षांचा मळ होता. गाईड बाजूला उभा राहून पाहत होता.

तेवढ्यात पायऱ्यांवरून तीसेक जणांचा घोळका वर आला. सोबतची गाईड बाई त्याचीच शिष्या होती. तिनं शिळेवर बोट ठेवलं, अगदी त्याच्यासारखं, आणि श्वासही त्याच्याच ठिकाणी घेतला. "ऐका! दगाबाजाचा आत्मा..." म्हणत तिनं छोटं दार ढकललं. दार लोण्यासारखं उघडलं. घोळक्यात खसखस पिकली.

"माफ करा हं," म्हातारे ओशाळून म्हणाले. "मी आताच तेल घातलं."

गाईड पुढे झाला. "ही गोष्ट खोटी आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "मी रचलेली आहे. दारवानानं काहीही केलेलं नव्हतं."

मग शिष्या कौतुकानं म्हणाली, "हे आमचे पल्लेदार सर! ही गोष्ट मी ह्यांच्याकडूनच शिकले. पाहिलंत, कसे खेचतात लोकांना?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघातिघांनी त्याचे फोटो काढले.

गाडीत म्हातारे हलक्या मनानं झोपून गेले. हॉटेलपाशी उतरल्यावर त्यांनी आपणहून वही मागितली. गाईड म्हणाला, "राहू द्या, काका." त्यांनी ऐकलं नाही. गाडीच्या टपावर वही ठेवून त्यांनी एकेक अक्षर जुळवत लिहिलं: 'माणूस खरा आहे. दुसऱ्याच्या सुखासाठीसुद्धा ह्यांना नीट खोटं बोलता येत नाही.' खाली सही केली. सहीतलं आडनाव शिळेवरचंच होतं.

ते काठी टेकत आत गेले. मुलगी मागे थांबली. गाईडला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, हात उगारेल, आणि तिनं तसं करावं असं त्याला मनापासून वाटत होतं. पण तिनं नुसती वही उचलली, ते पान वाचलं आणि वही त्याच्या हातात दिली.

"पाटी उतरवून घ्यायला अर्ज करीन मी," गाईड म्हणाला. "उद्याच करतो."

"करा. आई ते बघायला नाही. आणि बाबांचा आता विश्वास बसणार नाही. माफी मागून झालीये त्यांची." ती जायला वळली आणि पुन्हा थांबली. "हे पान फाडू नका. उद्या जे गिऱ्हाईक येईल, त्याला हेच आधी दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता हॉटेलच्या दाराशी एक नवं जोडपं गाडीची वाट पाहत उभं होतं. गाईडनं वही उघडली, ते पान काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. "छान!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "म्हणजे हे सांगतील त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायला हरकत नाही."