वरचा रस्ता

तिने उजवं चाक दोन्ही हातांनी धरून फिरवलं. डावं चाक उलट्या दिशेने फिरलं.

"बटण दाबलंय ना, बाबा?"

"दाबलंय. दिवाही लागलाय," सासरे गाडीत बसल्या बसल्या म्हणाले.

तिने पुन्हा फिरवून पाहिलं. पुन्हा तेच. जीपची मागची बाजू दोन स्टँडवर उचललेली होती, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले होते. बटण दाबलं की मागची दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जाऊन एकाच दिशेने फिरायला हवी होती. एक चिखलात गरगर फिरतंय आणि दुसरं ढिम्म उभं, असं होऊ नये म्हणून तर तिने तीन दिवस खपून मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्यात, हे हवेवर चालणारं लॉक बसवलं होतं.

बॉनेटखाली कॉम्प्रेसर घरघरत होता. थांबायचं नाव घेत नव्हता.

"हवा भरली की तो बंद पडायला पाहिजे," ती म्हणाली. "कुठेतरी गळतंय."

"असेल."

एरवी सासरे एवढ्यावर थांबले नसते. हे गॅरेज त्यांनी चाळीस वर्षं चालवलं होतं. सून म्हणून घरात आलेल्या मुलीने पहिल्याच वर्षी पाना हातात घेतला, तेव्हा ते तिला चेष्टेने 'वस्ताद' म्हणू लागले. पुढे चेष्टा गेली आणि हाक तेवढी राहिली. आता गिऱ्हाइकांनाही ते सांगायचे, वस्तादला विचारा.

त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, चौदा महिन्यांपूर्वी डोंगरावरच्या टॉवरवर तंत्रज्ञ म्हणून रुजू झाला होता. सुरुवातीला महिन्यातून एकदा खाली यायचा. मग दरड कोसळली, रस्ता खचला, आणि येणं थांबलं. दर रविवारी फोन यायचा. तीनदा त्याने येतो म्हणून सांगितलं, तीनदा रस्ता आडवा आला. मी येते म्हटलं, की म्हणायचा, "वेडी आहेस का? अर्ध्यात अडकशील."

कधी येतोस, हे विचारणं तिने हळूहळू सोडून दिलं. ती रस्त्याबद्दल विचारू लागली. चिखल कितव्या वळणावर आहे? चाकोरी किती खोल आहे? दगड कुठल्या बाजूला आहेत? तो सांगायचा आणि ती एका मोठ्या कागदावर काढत जायची. असा अख्खा रस्ता कामाच्या टेबलामागच्या भिंतीला चिकटला होता. चौदा वळणं. दुसऱ्यावर गुडघाभर चिखल, सातव्यावर ओढा, अकराव्यावर एकच गाडी मावेल एवढी जागा. येता-जाता ती तिथे थांबायची. कधी कधी बोटाने वरपर्यंत जाऊन यायची.

लॉकचं मात्र तिने त्याला सांगितलं नव्हतं. एकदम समोर जाऊन उभं राहायचं, असं ठरवलं होतं.

मगात साबणाचं पाणी घेऊन ती प्रत्येक जोडावर ब्रशने लावत गेली. कॉम्प्रेसर, वाल्व्ह, निळी नळी, डिफरन्शियलच्या तोंडावरचा नट. एकही बुडबुडा आला नाही. शेवटी तिने एक्सलच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या, वर बसवलेल्या श्वासनळीच्या तोंडाला ब्रश लावला. फेस फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

"आत गळतंय," ती म्हणाली. "रिंग गेली असणार. परत खोलावं लागेल."

सासरे खाली उतरले. "उद्या खोलू. एवढी काय घाई आहे?"

"घाई आहे," ती म्हणाली.

त्यांनी गाडीखाली तेलासाठी पातेलं सरकवलं आणि एका बाजूचे बोल्ट ते स्वतःच सोडवू लागले. परवाच भरलेलं तेल अजून मधासारखं स्वच्छ होतं. दोन्ही बाजूंचे शाफ्ट ओढून निघाले, झाकण निघालं, डिफरन्शियलचा जड गोळा दोघांनी मिळून टेबलावर ठेवला. ज्या कड्यातून लॉकला हवा जाते ते कडं तिने हलकेच ओढून काढलं. आतल्या दोन रबरी रिंगांपैकी एक शाबूत होती. दुसरी तिने नखाने उचलून उजेडात धरली.

बसवताना रिंग धारेवर घासली तर रबर ओरबाडलं जातं, कडा फाटक्या दिसतात. ही सरळ कापलेली होती. ब्लेडने कापावी तशी.

हे कडं बसवण्याचं काम सासऱ्यांनी मागून घेतलं होतं. "एवढं एक मला करू दे, वस्ताद," म्हणाले होते.

तिने रिंग टेबलावर ठेवली. सासरे फडक्याने बोटं पुसत होते. बोटं केव्हाच स्वच्छ झाली होती.

"बाबा."

"मागच्या महिन्यात मी डोळे दाखवायला म्हणून गेलो होतो ना," ते म्हणाले, "तेव्हा वर गेलो होतो. दुधाच्या गाडीतून."

तिने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"रस्ता चांगला झालाय. डांबर पडून चार महिने झाले म्हणे. साधी गाडी जाते." ते स्टुलावर बसले. "मी त्याला खूप बोललो. तो म्हणाला, बाबा, मला थोडा वेळ द्या. तिला सांगू नका. कशाला वेळ हवाय, तेही धड सांगता येईना त्याला. दुसरं कोणी नाही तिथे. ते मी पाहून आलो. एकटाच राहतो."

"आणि ही रिंग?"

"मला वाटलं, आणखी आठ-दहा दिवस गाडी इथेच उभी राहिली, तर तेवढ्यात तो आपणहून येईल." त्यांचा आवाज खाली गेला. "त्याने आपणहून यावं, एवढंच मनात होतं. मलाही वाटतंच ना गं."

तिने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं नाही. खणातून नवी रिंग काढली, तेलात बुडवली आणि त्यांच्यासमोर धरली.

"घ्या. नीट बसवा आता."

त्यांनी ती बसवली. रिंग खाचेत बिनचूक बसली. संध्याकाळपर्यंत सगळं जोडून झालं. बटण दाबल्यावर कॉम्प्रेसर थोडा वेळ घरघरला आणि गप्प झाला. तिने उजवं चाक फिरवलं, डावं त्याच दिशेने फिरलं.

"मी येत नाही," सकाळी सासरे म्हणाले. त्यांनी टायरमधली हवा तपासून ठेवली होती, काच पुसली होती. "तुमच्या दोघांत मी कशाला?"

कागद तिने सोबत घेतला होता, शेजारच्या सीटवर पसरला होता. दुसऱ्या वळणावर, जिथे गुडघाभर चिखल होता, तिथे काळंभोर डांबर होतं आणि कडेला पांढरा पट्टा. सातव्यावर ओढ्यावरून मोरी गेली होती. अकराव्यावर समोरून दुधाची गाडी आली, सहज बाजूने निघून गेली, चालकाने हात केला. वळणं मात्र सगळी खरी होती. त्याने सांगितली तशी, त्याच क्रमाने, तेवढ्याच अंतरावर. हा रस्ता त्याला पाठ होता. तो ती वळणं रोज पाहत असणार.

टॉवरच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं घर होतं. गाडीच्या आवाजाने तो बाहेर आला. बारीक झाला होता. जीप ओळखून तो जागीच थांबला, मग सावकाश जवळ आला. तिच्याकडे न बघता मागच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि खाली वाकून पाहिलं. निळी नळी त्याला दिसली असावी.

"लॉक बसवलंस?"

"हो."

"चालतं नीट?"

"स्टँडवर चाललं," ती म्हणाली. "वाटेत कुठे लागलंच नाही."

तो तसाच बसून राहिला. वारा तारांतून घुमत होता. तिने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. दोघं गाडीखाली बघत राहिली, तिथे अजून काही दुरुस्त करायचं असावं तशी.

"मला नीट सांगता येणार नाही," तो म्हणाला.

"येईल तसं सांग," ती म्हणाली. "मी काही लगेच निघत नाही."