शून्याच्या जागेवरची केवळाबाई

मी लिस्ट बोलतेय. हो, तीच, कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधली. चौकोनी कंस उघडायचा, आत नावं लिहायची, दोन नावांमध्ये स्वल्पविराम द्यायचा, कंस बंद करायचा. झाले मी तयार. इतकी साधी मी, तरी माणसं माझ्यापाशी येऊन घोळ घालतात. आता मला त्याचं नवलही वाटत नाही.

माझा जन्म उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माणिकप्पांच्या आडत दुकानात झाला. त्यांचा मुलगा सोमेश प्रोग्रामिंगच्या क्लासला जाऊ लागला होता. धड चार ओळी येईनात, पण साहेब मोंढा बदलायला निघाले. शेतकरी ज्या क्रमानं माल आणतील त्या क्रमानं त्यानं नावं माझ्यात भरायची, प्रोग्रामनं ती पडद्यावर दाखवायची आणि तसतसा एकेका ढिगाचा सौदा व्हायचा. क्रम राखणं हा माझा धर्मच. नवं नाव जोडलं की ते मुकाट शेवटी जाऊन उभं राहतं. माणसांच्या रांगेत असं कधी पाहिलंय का?

फक्त माझी मोजणी शून्यापासून सुरू होते. पहिलं नाव शून्याच्या जागेवर, दुसरं एकच्या. क्लासात हे सांगितलं तेव्हा सोमेश मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला होता. त्यानं प्रोग्रामला खुशाल सांगितलं, एकपासून वाच.

तरी बिघडलं काहीच नाही, कारण माणिकप्पांनी बजावलं होतं, "आधी श्री लिही रे, मग लोकांची नावं. आपल्यात कोऱ्या पानावर बी पहिलं श्रीच असतंय." त्यामुळे शून्याच्या जागेवर श्री बसला आणि शेतकरी एकपासून लागले. पोराचं अज्ञान बापाच्या रिवाजाखाली झाकून गेलं. वर दुकानात पेढेही वाटले!

मग क्लासच्या मंजुषा मॅडमनी प्रोग्राम पाहिला. "शेतकऱ्यांच्या नावांत श्री कशाला? काढ ते. आणि हे बघ, श्री काढलास की..." मॅडम पुढचं सांगेपर्यंत स्वारी गाडीला किक मारून पसार. दुकानात येऊन त्यानं श्री तेवढा काढला.

दुसऱ्या दिवशी जळकोटकडची केवळाबाई सोयाबीन घेऊन सगळ्यांच्या आधी आली. तिची लेक उज्ज्वला लातूरच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. माल विकून दुपारच्या गाडीनं नातवाचं तोंड बघायला जायचं, एवढाच तिचा बेत होता. तिचं नाव माझ्यात शून्याच्या जागेवर लागलं. वाचन सुरू झालं एकपासून.

तिच्या मागच्या सगळ्यांचे ढीग विकले गेले. खरेदीदार उठून गेले.

"लेकरा, माझं नाव कवा येतंय?"

सोमेशनं पडद्यावर नजर टाकली. "मावशी, कॉम्प्युटरमधी तुमचं नाव न्हाई. उशिरा आला असाल."

"सगळ्यात आधी आलेय की मी! दुकान माझ्याम्होरं उघडलंय."

"मग कॉम्प्युटर काय खोटं बोलतंय व्हय?" माणिकप्पा गादीवरूनच म्हणाले. "उद्या बघू."

मला इतका संताप आला! तिचं नाव माझ्यापाशी होतं, जिथं असायला हवं तिथंच होतं. पण मला विचारतो कोण? पडदा बघितला की यांचं काम संपलं. माल उघड्यावर टाकून बाईला जाता येईना. दुपारची गाडी निघून गेली आणि केवळाबाई ढिगाशेजारी बसून राहिली.

बाई ढिगाशेजारून हटेना, तेव्हा संध्याकाळी सोमेशनं मला दुरुस्त केलं म्हणे. काय केलं? एकच्या जागी शून्य करायचं सोडून त्यानं श्री परत बसवला! "देवाला काढलं, म्हणून झालं," असं बापलेकांचं ठरलं. मला कपाळ असतं तर मी बडवून घेतलं असतं.

सकाळी नावं भरताना केवळाबाईनं मागच्या रामकिशनला पुढं ढकललं. "तू हो म्होरं, बाबा. पहिल्याचं नाव घेत न्हाईत हितं."

त्या दिवशी पहिलं नाव व्यवस्थित आलं. दुसरं तिचं. माल विकून ती लातूरला निघाली, पण जाताना पडद्याकडे अशी बघून गेली, की जणू सगळं मीच केलं. त्या नजरेचं मला आजही वाईट वाटतं.

मला शिकायला बसलेल्या शहाण्यांनो, पेढे मागाहून वाटा. आधी शून्याच्या जागेवर बघा. तिथं सगळ्यांच्या आधी आलेली बाई उभी असते.