लाल न झालेला हात

सिंदेवाहीच्या मिरची सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या-निवडायच्या आवारात, रुखमाइतका झपाटा कुणाचाच नव्हता. ढिगात कोपरापर्यंत हात घालून ती दिवसभर मिरच्यांचे देठ खुडायची. पहिल्या हंगामात हातांची नुसती आग झाली, पुढं काही वाटेनासंच झालं. नवऱ्याचा, देवरावचा, पाय चिघळला तेव्हा त्यातला पू तिनं याच हातांनी काढला होता. पण माणूस कसला आठवण ठेवतोय.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात महारोग तपासणारे डॉक्टर आले. रुखमाच्या हातावर फिकट चट्टा होता. डॉक्टरांनी त्यावर औषधाचा थेंब टाकून सुई टोचली. धडधाकट कातडी अशा वेळी भोवताली लाल होते, रुखमाची झाली नाही. "पक्कं नाही, पुन्हा तपासू," डॉक्टर म्हणाले.

देवरावला कुठला धीर निघतो! त्याच दिवशी तिची चटई गोठ्यात गेली. ताट तो उंबऱ्यावर ठेवी आणि काठीनं तिच्याकडं सरकवी. लहानग्या कमलीला तर आईजवळ फिरकूच देईना. रुखमाचा जीव तीळतीळ तुटे. रोग राहिला तर राहू दे, पोरगी तेवढी कुशीत यावी, एवढंच तिला हवं होतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "बाई, काम काय करता?"

"मिरची खुडतो जी."

डॉक्टर चपापले. त्यांनी चट्ट्याशेजारच्या चांगल्या कातडीवर टोचलं. तिथंही लाली नाही. मग पाठीवर टोचलं, तर तिथं मात्र लालभडक झालं.

"हा महारोग नाही. चट्टा साध्या शिब्याचा आहे. कातडीतल्या नसांच्या टोकांशी पेप्टाईड नावाचं द्रव्य साठलेलं असतं. टोचलं की नस ते सोडते, म्हणून भोवती लाल होतं, सुजतं. मिरचीनं तुमच्या हातांतला साठा संपवलाय. काम थांबवलं की भरेल परत."

रुखमा पळतच घरी आली आणि अंगणातूनच तिनं सगळं सांगितलं.

"बरं झालं," देवराव म्हणाला. "मंग ये घरात. काऊन उभी राह्यली?"

जसं काही घडलंच नव्हतं. रुखमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डाक्टर पुन्हा पाहतो म्हने. तुमाले तेवढाबी दम नाई निघाला. मले ढोरात टाकलं."

तेवढ्यात कमली पाण्याचा गिलास घेऊन आली. आईला पाहून हसली. गिलास उंबऱ्यावर ठेवला, दाराआडची काठी घेतली आणि सांडू न देता हळूच आईकडं सरकवला.

"लहान हाये, इसरन," देवराव म्हणाला.

रुखमानं गिलासाला हात लावला नाही. काठी धरून कमली तिथंच उभी होती, आई शाबास म्हणेल म्हणून.