चौदा नंबरचं पांढरं कापड

ऑफिसात मला सगळे 'थांबा' म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण माझे कान अजून तिखट आहेत. लष्कराच्या कायदा विभागात एकवीस वर्षं मी एकच काम केलं. ज्यांना मारायचं त्यांची यादी आली, की प्रत्येकापुढे ते कायद्यात बसतं की नाही हे लिहायचं. बसत असेल तर सही, नसेल तर 'थांबा'. साहेबांच्या मते माझे 'थांबा' फार झाले, म्हणून हे नाव पडलं.

त्या गुरुवारी सकाळी दहाला चौदा नंबरची फाइल टेबलावर आली. यादीत नावं नसतात, नंबर असतात. दीड पानाचा गोषवारा होता. शत्रूच्या सेनापतीच्या घरी दर दुसऱ्या गुरुवारी एक माणूस जातो. हातात काळी पिशवी. पहारेकरी अडवत नाहीत, उलट हसून आत सोडतात. चाळीस मिनिटं आत असतो. निघताना पायरीवर उभा राहून पांढरं कापड फडकवतो, कधी दोनदा, कधी तीनदा. निष्कर्ष: निरोप्या, खुणा करतो. सेनापतीच्या इमारतीत तळाला लहान मुलांची शाळा, म्हणून तिथं बॉम्ब टाकता येत नाही. हा मात्र बाराच्या सुमाराला मोकळ्या रस्त्यावर एकटा सापडतो. आजच सापडणार होता. खाली माझ्या सहीची जागा.

पद्धत अशी, की गोषवारा वाचायचा आणि सही करायची. विमानातून घेतलेली फिल्म मागितली, की टेहळणीवाल्यांना वाटतं आपल्यावर अविश्वास दाखवला. पण राग माझ्या नाकावरच असतो, आणि 'फडकवतो' हा शब्द मला टोचत होता. मी फिल्म मागवली.

ती घेऊन आली टेहळणीतली घार. खरं नाव वेगळं, पण चार महिने या एकाच माणसाकडे वरून बघत बसलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? सोबत तिनं तक्ता आणला होता. दोनदा फडकवलं तर 'सगळं ठीक', तीनदा फडकवलं तर 'माणसं हलवा'. चार रंगांत, पट्टीनं आखलेला.

"खूप मेहनत आहे मॅडम यात," ती म्हणाली.

फिल्म सुरू झाली. माणूस पायरीवर आला. शेजारच्या दोरीवरचे कपडे कुठल्या बाजूला उडतायत ते त्यानं पाहिलं, वाऱ्याकडे पाठ केली, कापडाची दोन टोकं धरली आणि झटकलं. एकदा, दोनदा. मग कापड हनुवटीखाली दाबून चौघडी घातली आणि स्वतःची कॉलर टिचकीनं झाडली.

मी हसायला लागले. आधी नाकातून, मग तोंडातून, मग खुर्चीसकट. मुरकुंडी वळली अगदी.

"मॅडम, पाणी देऊ?"

"पोरी, तो केस झटकतोय गं!"

"कोणाचे?"

"सेनापतीचे! न्हावी आहे तो. माझे बाबा न्हावी होते. सात वर्षांची असल्यापासून दुकानातले केस मी झाडलेत. वाऱ्याकडे पाठ केल्याशिवाय कापड झटकलं, तर केस आपल्याच तोंडात येतात. एकदा खाऊन बघ."

"मग तीनदा कधी कधी?"

"गिऱ्हाईकाचे केस वाढले असतील. सुतावरून स्वर्ग गाठतात हे ऐकून होते, तुम्हांला तर अख्खं कापड मिळालं!"

घारीचं तोंड उतरलं. पण मुलगी प्रामाणिक. तिनं स्वतःच सेनापतीचे जुने फोटो बाहेर काढून तारखांप्रमाणे मांडले. बुधवारचा सेनापती झुडपासारखा, शुक्रवारचा नवऱ्या मुलासारखा. आठही वेळा. चार महिने तिनं न्हाव्याचे हात पाहिले होते, गिऱ्हाईकाचं डोकं नाही. मग तीही अशी हसत सुटली, की शेजारच्या खोलीतून कोणीतरी भिंत ठोकली.

सव्वाअकरा. लिफ्ट बंद. पाच मजले मी चपला हातात घेऊन चढले, आणि साहेबांच्या दारात पोचले तेव्हा हसण्यानं उचकी लागली होती.

"कोणीतरी आठवण काढतंय वाटतं," साहेब म्हणाले.

"चौदा नंबर काढत असेल. साहेब, तो उक्... न्हावी आहे."

त्यांनी फिल्म पाहिली, फोटो पाहिले, मिशीवरून बोट फिरवलं. "असेल. पण शत्रूच्या सेनापतीचा न्हावी आहे."

"म्हणून काय झालं? जो लढतो त्याला मारता येतं, जो लढत नाही त्याला नाही. शंका असेल तर लढत नाही असंच धरायचं. दाढी करणं म्हणजे लढणं उक्... नाही. नाहीतर आपल्या कँटीनवाल्यालाही त्यांनी यादीत घातला असेल."

"बरं, मारत नाही. उचलून आणू. दोन-तीन वर्षं आत ठेवू. घराचे जिने, खोल्या, सगळं माहीत असेल त्याला."

"कोंडायला माणूस धोकादायक लागतो, साहेब. उपयोगी असून चालत नाही."

मग त्यांचे डोळे असे चमकले, की मला घाम फुटला. "दर पंधरा दिवसांनी वस्तरा त्याच्या गळ्यावर असतो, नाही का? कोणी नीट पटवलं तर..."

"केसानं गळा कापायला लावताय?" माझी उचकी थांबली. "साहेब, या लढाईत आजवर इतकी माणसं मेली, आणि एकच माणूस आहे ज्याच्या हातात सेनापतीचा गळा आयता येतो. तो काय करतो? दाढी करतो, आणि घरी जातो. अख्ख्या लढाईत न लढणारा एवढा पक्का माणूस मी पाहिला नाही. तुम्ही त्याच्या हातातल्या वस्तऱ्याचं हत्यार केलंत, की त्याच क्षणी त्याला मारायचा हक्क तुम्ही समोरच्यांना द्याल. त्याला त्याचं काम करू द्या."

बिनपाण्यानं केली म्हणतात ना, तशी केली. बारा वाजायला नऊ मिनिटं असताना साहेबांनी फोन उचलला आणि माझा शब्द स्वतःच्या तोंडानं उच्चारला. "थांबा."

तरी मला डोळ्यांनी बघायचं होतं. घारीला घेऊन मी पडद्याच्या खोलीत गेले, मागून साहेबही आले. विमान चालवणारा लांब कुठे आकाशात नव्हता, तिथंच खुर्चीत बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून. न्हावी पायरीवर आला. कापड झटकलं. "एक! दोन!" खोलीतल्या सगळ्यांनी मोठ्यानं मोजलं. तिसऱ्यांदा झटकलं तेव्हा टाळ्या पडल्या. रस्त्याच्या वळणावर, जिथं तो मरायचा होता, एका म्हाताऱ्यानं त्याला हाक मारली असावी. तो थांबला. म्हातारा कठड्यावर बसला, न्हाव्यानं त्याच्या गळ्याला कापड बांधलं आणि भर रस्त्यात कात्री चालवायला लागला. वीस मिनिटं अख्खी खोली एका म्हाताऱ्याचे केस कापले जाताना बघत होती. साहेबांचा हात आपोआप स्वतःच्या मानेवर गेला. मी रडले. लपवलं नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

दुपारी तीनला घार नवी यादी घेऊन आली. एखादा नंबर खोडला, की खालचे सगळे एकेक वर सरकतात. पंधराचा चौदा झाला होता.

दीड पान. एक माणूस. रोज पहाटे वस्तीतल्या तीन-चार घरांच्या मागच्या भिंतीपाशी जातो. एक लांब दांडा जमिनीला टेकवतो, दुसरं टोक कानाला लावतो, दहा मिनिटं तसाच वाकून उभा. मग जमिनीवर खडूनं फुली मारून पुढे. निष्कर्ष: स्फोटकांच्या जागा ठरवतो. वेळ: उद्या सकाळी सहा.

"फिल्म आणलीये," घार म्हणाली. तिला सांगावं लागलं नाही.

आम्ही तीनदा पाहिली. मला अजिबात हसू आलं नाही. तो काय ऐकत होता? शंका असेल तर सोडायचं, हे मी साहेबांना ठासून सांगितलं होतं. पण शंका यायला आधी काहीतरी माहीत असावं लागतं. बाबांनी मला कात्री, वस्तरा आणि वारा शिकवला. एवढंच. एकवीस वर्षांत फिल्म न बघता मी ज्या गोषवाऱ्यांवर सह्या केल्या, त्यातले किती जण कसलं काम करत होते? मला भीती वाटली, आणि ती साधी भीती नव्हती.

"घारे, तुझे वडील काय काम करायचे?"

"बँकेत होते, मॅडम. का?"

मी फाइल उचलली. विमानवाल्याला विचारलं, त्याचे शिक्षक. कँटीनवाल्याला विचारलं, त्याचे सुतार. दारावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, झाडूवालीला विचारलं; तो दांडा ओळखू येईल असं काम कोणाच्याच घरात नव्हतं. मग पुन्हा पाच मजले चढले आणि दार न ठोकता आत गेले.

"साहेब," मी म्हटलं, "तुमचे वडील काय करायचे?"