फ्लेक्सवरची गाय माझी नाही

काष्टीकडून आमच्या गावात शिरताना डेअरीच्या भिंतीवर जो मोठा फ्लेक्स लागलाय, त्यावर हसणारी बाई मी आहे. शेजारची गाय मात्र माझी नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, कारण कपाळावर भाकरीएवढा पांढरा ठिपका असलेली गाय गावात एकच, मुमताजभाभींची राणी. तरी कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

कंपनी मोठी. तुमच्या खिशात फोन असेल तर त्यात ती कुठेतरी बसलेली असणारच. तिनं गाईच्या गळ्यात बांधायचा पट्टा काढला. त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, आम्ही पट्टाच म्हणायचो. गाय किती चालली, किती रवंथ केला हे तो मोजणार आणि फोनवर सांगणार. हिरवा ठिपका म्हणजे गाय ठणठणीत, लाल म्हणजे डॉक्टरला बोलवा. गावात पाच घरांना पट्टे फुकट वाटले. पहिला माझ्या चंद्रीला.

फोटो काढायला पुण्याहून दोन गाड्या भरून माणसं आली. त्यांचा मुख्य करण सर, गोड बोलणारा, पायात पांढरेशुभ्र बूट. चंद्री तेव्हा गाभण होती, फासळ्या दिसत होत्या. तिच्याकडं बघून तो म्हणाला, "ताई, ही फोटोत चांगली दिसणार नाही." मग फोटोपुरता चंद्रीच्या गळ्यातला पट्टा काढून राणीच्या गळ्यात घातला. बादलीत तीन घरांचं दूध ओतलं. मला नवी साडी नेसवली आणि फोटो झाल्यावर ती परतही घेतली. मी हसले. फ्लेक्सवर माझ्या तोंडी लिहिलं, 'माझी गाय आजारी पडण्याआधीच मला कळतं.' मी असलं काही बोलले नव्हते. पण रोज दूध घालायला जाताना स्वतःला एवढं मोठं बघून बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

चंद्री व्यायली, कालवड झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं चाऱ्याला तोंड लावलं नाही. मी कान धरून बघितला तर गार. व्यालेल्या गाईचा कान गार लागला की डॉक्टरला बोलवायचं, हे मला माझ्या आईनं परकर घालायच्या वयात शिकवलंय. माझे मालक, मच्छिंद्र, चप्पल घालून निघालेसुद्धा होते. मीच त्यांना थांबवलं. फोन काढून दाखवला. हिरवा ठिपका, खाली 'चंद्रीची तब्येत उत्तम'. तरी जिवाला घोर लागला म्हणून कंपनीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "डेटानुसार तुमची गाय नॉर्मल आहे, मॅडम."

सकाळी चंद्री मान पोटाशी वळवून मरून पडलेली होती. डॉक्टर म्हणाले, "कॅल्शियम कमी पडलं व्हतं. काल शिरेतून एक बाटली गेली असती तर उठली असती." आमचे मालक मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

करण सरला कळवलं. त्याला वाईट वाटलं असावं, पण लगेच म्हणाला, "पट्टा सैल बसला असेल, ताई. नवा देतो. फक्त कार्यक्रम होईपर्यंत कुठे बोलू नका." कार्यक्रम म्हणजे गावातल्या चाळीस घरांना पट्टे द्यायचे होते, सह्या घेऊन. स्टेजवर मी भाषण वाचायचं होतं. भाषण त्यांनीच टाईप करून पाठवलेलं. पहिलं नाव मुमताजभाभींचं होतं. त्यांची राणी महिन्याभरात व्यायची होती, आणि त्या सगळ्यांना सांगत होत्या, "पंकजा म्हनती म्हंजी खरंच आसंल."

पट्टा परत द्यायचा म्हणून मी तो स्कूटीच्या हँडलला अडकवला आणि विसरले. दुसऱ्या दिवशी डेअरीवरून घरी आले तर फोन वाजला. 'अभिनंदन! चंद्री आज भरपूर चालली.' मी बघतच राहिले. संध्याकाळी पुन्हा. 'चंद्रीचा रवंथ उत्तम.' डोक्यात अशी तिडीक गेली की फोन विहिरीत फेकावा वाटला. फेकला नाही. पट्टा मात्र हँडललाच राहू दिला. नऊ दिवस माझी मेलेली गाय गावभर फिरत होती आणि कंपनी तिचं अभिनंदन करत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी डेअरीच्या अंगणात मांडव टाकला होता. स्टेजवर डेअरीचे चेअरमन सहादेवअण्णा, शेजारी करण सर, मागं सिनेमासारखा पडदा. मी स्कूटी मांडवाच्या कडेला लावली. घरून निघताना मालक म्हणाले होते, "कागद वाच आन् खाली उतर. मोठ्या लोकांच्या नादी लागू नगं." मी म्हटलं, "बघते."

करण सरनं पडद्यावर गावातल्या पाची गाई दाखवल्या. सगळे ठिपके हिरवे. सगळ्यात वर चंद्री, आरोग्य शंभरपैकी सत्त्याण्णव. "आणि आता चंद्रीच्या मालकीणबाई पंकजाताई बोलतील." टाळ्या पडल्या. मी कागद उलगडला. 'माझं आयुष्य बदललं' अशी सुरुवात होती. मी कागदाची घडी घातली आणि ब्लाउजमध्ये खोचली.

"सर, चंद्री आत्ता कुठं हाय ते ह्याच्यात दिसतं का?" मी विचारलं.

त्याचा चेहरा क्षणभर पडला. पण पडद्याचा लॅपटॉप चालवणारा कंपनीचा पोरगा नवा होता, त्यानं उत्साहात नकाशा उघडला. डेअरीचं अंगण आणि त्यात हिरवा ठिपका. लोक माना वळवून गाय शोधायला लागले.

"राजनंदिनी, गाडी स्टँडवर घे आन् चालू कर," मी माझ्या लेकीला सांगितलं.

तिनं स्कूटी चालू करून रेस दिली. हँडलला अडकवलेला पट्टा थरथर हलायला लागला. सगळे कधी त्याच्याकडं बघत, कधी पडद्याकडं. दोनतीन मिनिटं काहीच झालं नाही. मग पडद्यावर अक्षरं आली, 'चंद्री शांतपणे रवंथ करत आहे.'

आख्खा मांडव हसला. मला हसू आलं नाही.

"चंद्री मरून नऊ दिस झाले," मी म्हटलं. "मेली त्या संध्याकाळी तिचा कान गार लागला हुता. माझ्या हाताला कळलं हुतं. मी हाताचं ऐकलं न्हाई, ह्या ठिपक्याचं ऐकलं."

करण सर जवळ आला आणि माईक बंद झाला. हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही करारावर सही केली आहे. तुमचा फोटो, नाव, पाच वर्षं कंपनीकडे आहे. आम्हाला कायदेशीर मार्गानं जावं लागेल."

मला माईक लागत नाही. ओढ्याच्या पलीकडची गाय मी अलीकडून हाक मारून आणते. तेवढ्याच आवाजात मी पुढचं सांगितलं, आणि ते सांगताना मला खरी लाज वाटली. "भिंतीवरची गायबी माझी न्हाई. बादलीतलं दूध तीन घरचं हाय. साडी त्यांची हुती. मी खोटं हसले, माझं चुकलं. कायद्यानं काय करायचं त्ये करा, पन ह्या बायांनी माझ्या तोंडाकडं बघून सही करायची न्हाई."

सहादेवअण्णा पायाकडं बघत बसले. मग बायकांतून मुमताजभाभी उठल्या. "भिताडावरची राणी माझी हाय. तिच्या गळ्यात पट्टा अर्धा तास हुता, फोटूपुरता," त्या म्हणाल्या. "माझं नाव काडा, सर." सहीआधीच हातात दिलेला पट्ट्याचा बॉक्स त्यांनी टेबलावर परत ठेवला. त्यांच्यामागं यादीतली रेश्मा उठली, मग तिची जाऊ. करण सर हातातली यादी बघत राहिला. त्या दिवशी एकही सही झाली नाही.

फ्लेक्स मात्र तसाच होता. फाडला तर नुकसानभरपाई मागू, असा कंपनीचा निरोप आला. मी फाडला नाही. सहादेवअण्णांना विचारलं, "आण्णा, खालची भिंत कुनाची?" ते म्हणाले, "डेअरीची." थोडा विचार करून म्हणाले, "ल्ही काय ल्हायचं त्ये." मी गेरू कालवला आणि फ्लेक्सच्या खाली हातभर अक्षरात लिहिलं: 'ही गाय मुमताजभाभींची आहे. माझी चंद्री गळ्यात हा पट्टा असताना मेली. कान धरून बघत जा. – पंकजा.'

चार दिवसांत त्याचे फोटो पार घोडेगावच्या जनावरांच्या बाजारापर्यंत फिरले. पाचव्या दिवशी सकाळी करण सरचा फोन आला. मी गोठ्यात होते, चंद्रीच्या कालवडीला राणीचं दूध पाजत होते. राणी लवकर व्यायली, आणि भाभी रोज सकाळी तांब्या भरून दूध आणून देतात.

"ताई, आम्ही फ्लेक्स काढून घेतो," तो म्हणाला. "तुम्ही फक्त खालचं पुसा. करारही रद्द करू."

"नगं, सर. ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "पाच वर्सं त्वांड तुमचं हाय ना? मग पाच वर्सं दिसू द्या लोकास्नी. खालचं अक्षर माझं हाय, त्ये पाऊसपान्यानं गेलं तर मी परत ल्हीन."

फोन ठेवला आणि कालवडीचा कान धरून बघितला. गरम होता.