पाळीवरच्या माणसांचा डाव

कमलबाईंचा राग आधी ऐकू येतो, मग दिसतो. उजवा तळवा डाव्या मनगटावरून वर सरकतो, हिरव्या काचेच्या बांगड्या एकीवर एक चढत कोपराशी जाऊन बसतात आणि उथळ पाण्यातून मासोळ्यांची रांग निसटावी तसा एक बारीक, थंड किणकिणाट होतो. तलावाच्या चिखलात हात घालण्याआधी बांगड्या अशाच वर घ्याव्या लागतात. कमलबाई मासे धरणाऱ्या ढिवरांच्या; हात जन्मभर पाण्यात. त्यामुळे भांडायला उभ्या राहिल्या तरी हात आपोआप तीच तयारी करतात. सावली गावच्या आठवडी बाजारात हा आवाज ऐकून वजनात मारणारे व्यापारी काटा सरळ करतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि थोडे तिखटमीठ लावून पुष्कळांना सांगितलेही आहे.

मी झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवतो. धान घरात आले की आमच्याकडे गावोगाव नाटके उभी राहतात, आणि माझे अर्धे आयुष्य विंगेतून खलनायकांचे राग पाहण्यात गेले. त्या रागांना ढोलकी लागते, लाल दिवा लागतो, मिशी लागते. कमलबाईंच्या रागाला काहीच लागत नाही. तो वैशाखातल्या दुपारसारखा असतो. वारा पडलेला, पान हलत नाही, आणि सावलीत उभे राहूनही कानशिले तापतात.

अशाच एका दुपारी त्या माझ्या अंगणात आल्या. एक जुना पडदा मी वाळत घातला होता, राजवाड्यामागे तलाव असलेला.

"पेंटरभाऊ, थो फाटका पडदा फेकूनच देसान ना? त्यातला तलाव मले द्या."

"आणि राजवाडा?"

"राजवाडा तुमालेच ठेवा. राहाले होईल."

त्या तलावाचा त्यांनी खेळ केला. माझ्याकडून एकात एक निळी रिंगणे रंगवून घेतली, बाहेर फिकट, आत गडद. बांबूच्या कामट्या कापून, तेल चोळून मासोळ्या केल्या. चार बाजूंना चौघे बसायचे. ते मच्छीमार सोसायटीचे सभासद. फोडलेले चिंचोके टाकायचे, जेवढे पांढरे पडतील तेवढ्या मासोळ्या आपल्या जाळ्यात. प्रत्येक फेरीनंतर बाहेरचे एक रिंगण आटते आणि उरलेल्या मासोळ्या आत सरकतात. पाणी शेवटच्या रिंगणात आले की चौघांनी हात वर घ्यायचे. मग जे कोणी उभे राहून डाव पाहत असतील त्यांनी उतरायचे आणि एकेक मूठ उचलायची. पाहणाऱ्यांसाठी काहीच उरले नसेल, तर चौघेही हरले. उरले असेल, तर ज्याच्या जाळ्यात जास्त तो जिंकला.

हे त्यांनी कल्पनेतून काढले नव्हते. त्यांच्या गावी तलाव आटत आला, सोसायटीच्या जाळ्याची शेवटची ओढ झाली, की एक दिवस साऱ्या गावाला तलाव मोकळा होतो. म्हातारी माणसे, लेकरे, ज्यांचा कशातच वाटा नाही ती सारी टोपल्या घेऊन गढूळ पाण्यात उतरतात. कमलबाईंचे वडील गेले आणि सोसायटीतला त्यांचा वाटाही गेला. आई वर्षभर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बगळ्यांच्या रांगेजवळ उभी राहून दुसऱ्यांची जाळी पाहायची. त्या एका दिवशी ती उतरायची. लुगड्याचा काचा घट्ट मारलेली, गुडघ्यापर्यंत चिखल, बांगड्या कोपराशी. तिने सुकवून ठेवलेल्या त्या मासोळ्यांवर तिची लेकरे पावसाळ्यापलीकडे गेली. कमलबाई हे सांगताना रडत नाहीत. बांगड्या वर घेतात.

खेळाचा बोलबाला झाला आणि दूरच्या शहरातली, खेळ बनवून विकणारी एक कंपनी चंद्रपूरला येऊन पाहायला तयार झाली. पसंत पडला तर कापडी पट शिवायचे आणि मासोळ्या कापायचे काम कमलबाईंच्या बचत गटाला मिळणार होते. धान कापून झाल्यावर आमच्याकडे हात रिकामे होतात. त्या रिकाम्या हिवाळ्यासाठी हे काम गटातल्या बायकांनी मनातल्या मनात आधीच शिवून टाकले होते. सगळ्यांत जास्त कुंदाबाईंनी. त्या कमलबाईंच्या शेजारीण आणि गटातली सर्वांत चलाख सुई.

हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये कंपनीचे साहेब चटईवर मांडी घालून बसले. माणूस वाईट नव्हता. हसत होता, चिंचोके टाकताना लहान मुलासारखा ओठ चावत होता. त्यांच्याबरोबर त्यांच्या सहकारी बाई, कुंदाबाई आणि मी. दाराशी त्यांचा ड्रायव्हर उभा होता. आमचे गाठोडे वर आणून दिल्यापासून तो मान वाकडी करून डाव पाहत होता, आणि खरे सांगायचे तर त्याच्याइतके मन लावून आमच्यापैकी कोणीच खेळत नव्हते. शेवटचे रिंगण आले. आम्ही हात वर घेतले. कमलबाई दाराकडे वळल्या.

"ये भाऊ. उतर."

त्याने साहेबांकडे पाहिले, तळहात पँटला पुसले, वाकला आणि मूठ भरून मासोळ्या उचलल्या. त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मला कोणत्याही पडद्यावर कधी रंगवता आलेला नाही.

साहेब हसत म्हणाले, "मस्त आहे. फक्त हा शेवटचा भाग काढून टाकू या. घरात पाहणारे कुठून आणायचे? आणि खेळलो आम्ही, अन् नेलं भलत्यानंच." मग मागे न वळता, अगदी मऊ आवाजात, "तू खाली गाडीत थांब."

तो मऊपणा मला आजही सोसत नाही. शिवी दिली असती तर शिवीला उत्तर असते.

बांगड्या वाजल्या.

"सायेब, त्याले काऊन खाली धाडून राह्यले?"

"त्याचं काम झालं ना बाई."

"त्याचं काम तं आताच सुरू झालं होतं."

साहेबांनी समजूत घातली. पट तोच, मासोळ्या त्याच, बायकांचे काम पक्के. तेवढी एक फेरी नको. कुंदाबाईंनी कमलबाईंचा पदर ओढला. कमलबाईंनी तो सोडवून घेतला.

"चार जन खाऊन राह्यले अन् बाकीचे गाडीत बसून राह्यले, थे तं आमच्या गावात रोजच चालते. त्याले खेळाचा डबा कायले पाह्यजे?"

त्यांनी पटाची चारी टोके उचलून गाठ मारली. ड्रायव्हर मूठ आवळूनच जिना उतरला होता.

परतीच्या जीपने मूल गाव मागे टाकले. मग कुंदाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "तुह्या मायच्या एका दिवसापायी आमचा सारा हिवाळा गेला, कमल." कमलबाईंच्या बांगड्या अजून कोपराशीच होत्या, आणि खड्ड्याखड्ड्याला वाजत होत्या.

त्या हिवाळ्यात कुंदाबाई मिरची तोडायला तेलंगणात गेल्या. मला कमलबाईंचा राग तेव्हाही पटला होता, आजही पटतो. आणि त्या रागाचा जाळ कुंदाबाईंच्या बोटांना लागला याचाही मला राग येतो. हे दोन राग माझ्यात शेजारी राहतात. एकमेकांशी बोलत नाहीत.

कमलबाईंनी मग खेळ बाजारात आणला. म्हणजे खरोखरच, सावलीच्या आठवडी बाजारात, मासोळ्यांच्या पाटीशेजारी. तिथे पाहणाऱ्यांचा तोटा नव्हता. चौघे खेळायला बसत आणि दहा डोकी वरून सल्ले देत, "अरे, ठेव ना आमच्यासाठी थोड्या." कधी एखादा पट विकला जाई, कधी नुसतीच गर्दी. उन्हाळ्याच्या तोंडाशी कुंदाबाई परतल्या. बाजारात आल्या, उभ्या राहिल्या, शेवटच्या रिंगणाला वाकल्या आणि मिरचीने सोललेल्या बोटांनी एक मूठ उचलली. मग शेजारी बसून सुई मागितली. "शिलाई कोनं केली व ही? उसवून राह्यली." दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

चंद्रपूरला नेलेल्या त्या पहिल्या पटात आजही मूठभर मासोळ्या कमी आहेत. मी नव्या कापून देतो म्हणालो, तेव्हा कमलबाईंनी माझ्याकडे असे पाहिले की मी ब्रश धुवायला निघून गेलो. "कमी कायच्या? ज्याच्या होत्या थो घेऊन गेला."

काळही तलावासारखा कडेकडून आत आटत येतो. मग अगदी मध्ये, आठवणीच्या हातभर गढूळ पाण्यात, ज्यांना वर्षभर कोणी उतरू दिले नाही ती माणसे बांगड्या कोपराशी घेऊन उतरतात, आणि त्यांतली कितीतरी आता या जगात कुठेच नसतात.