माझी शिवण पक्की होती

मी छागल बोलतेय. जाड कॅनव्हासची, लाकडी बुचाची, प्रवासात पाणी गार ठेवणारी पिशवी. माझ्यावर एक आळ आहे आणि तो साफ खोटा आहे, हे आधीच सांगून टाकते.

मला चिंचवडच्या इंदुताईंनी शिवलं. त्यांचे यजमान यशवंतराव पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात फोरमन. सत्तावन्न साली कारखान्यानं त्यांना आणि तिथंच काम करणाऱ्या त्यांच्या मित्राला, हिंदुरावांना, सहा महिने काम शिकायला अमेरिकेला धाडलं. "परक्या मुलखात पाण्याचं कसं व्हईल?" एवढ्या एका काळजीपोटी इंदुताईंनी दाभणानं दुहेरी टाके घातले. बोटं सोलवटली, तरी थांबल्या नाहीत.

तिकडे सुटीत दोघांनी भाड्यानं मोटार घेतली आणि एक दरी बघायला निघाले. मी पुढच्या बंपरला लटकले होते. छागलीनं थोडं पाझरायचं, वाऱ्यावर ओलं राहायचं, तेव्हा कुठं आतलं पाणी गार होतं. पण यशवंतरावांना माझी लाज वाटू लागली. त्यांनी मला मागं डिकीत कोंबलं. तिथं वारा कुठला? मी पाझरले आणि त्यांचा नवा कोट भिजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव अंघोळीला गेले असताना यशवंतरावांनी मला मुक्कामाच्या अंगणात उपडं केलं. "दरीत तर चाललोय, पाण्याला काय तोटा!" मावळात वाढलेला माणूस. दोन डोंगरांच्या मध्ये ओढा नाही, असं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्या दरीत ओढा नव्हता, झाडही नव्हतं. मैलोन्‌मैल पांढरीफटक, भेगाळलेली जमीन. भर दुपारी रेडिएटर उकळला आणि गाडी बसली. हिंदुरावांना घेरी आली. "यशवंतराव, छागल आणा," ते कसेबसे म्हणाले. यशवंतरावांनी मला आणलं आणि मित्राची नजर चुकवत सांगितलं, "शिवण उसवली हो. पाणी वाटेतच सांडलं."

मला ओरडावंसं वाटलं. पण रिकाम्या छागलीचं कोण ऐकतं? संध्याकाळी एक ट्रकवाला देवासारखा आला, म्हणून हिंदुराव वाचले.

घरी आल्यावरही यशवंतरावांनी तेच सांगितलं. इंदुताईंनी मला भिजवलं, काठोकाठ भरलं, पडवीत टांगलं आणि बराच वेळ बघत बसल्या.

"अहो, टाका तर जागच्या जागी हाय."

"तिकडे उसवला होता म्हटलं ना!" यशवंतरावांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

इंदुताई काय ते समजल्या. आता माझी बाजू घ्यायला कुणीतरी आहे, असं वाटून मी सुखावले.

दुसऱ्याच दिवशी हिंदुरावांच्या बायको शालनबाई तणतणत आल्या. "बघू तरी ती छागल! माझं कुंकू पुसायला निघाली व्हती."

"थांबा, आणते," म्हणत इंदुताई आत आल्या. मला खाली घेतलं, ओतून रिकामं केलं. मग कातर घेतली आणि तळाचे चार टाके कापले. बाहेर जाऊन त्या भोकातून बोट घालून दाखवत म्हणाल्या, "व्हय बाई. माझाच हात कच्चा."

यशवंतराव ओसरीवरच होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

त्यांनी माझ्यावर आळ घेतला, तो मी सोसला. पण जिनं मला घडवलं तिनंच मला फाडलं, आणि तेही त्यांच्यासाठी. आता मी खुंटीवर कोरडी लटकून असते. यशवंतराव, माझं काही मागणं नाही. पण एकदा शालनबाईंसमोर खरं बोला. त्या दिवसापासून इंदुताईंनी सुई हातात धरलेली नाही.